अण्णांची फियाट, जुना नंबर आणि ‘व्हीए’ची पाटी

कराडहून एका वाचकांचं पत्र आलंय. थोडक्यात मजकूर असा: ‘आमच्या वडिलांची, अण्णांची, १९६८ ची फियाट ११०० घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. आरसी बुक अण्णांच्या नावावर, सातारा आरटीओचं, तीन अक्षरं आणि चार आकडे असा जुना नंबर. शेवटचं रीपासिंग २०१४ पर्यंतचं. अण्णा २०१९ मध्ये गेले. घरात आई, मी आणि बहीण. गाडीचं इंजिन नव्वदच्या दशकात बदललेलं आहे, पद्मिनी गाडीचं बसवलंय. जुना ब्लॉक शेडमध्येच पडून आहे. एजंट म्हणतो, साठ हजार द्या, गाडी ‘व्हिंटेज’ करून देतो, व्हीए नंबर मिळेल, मग कुठेही फिरवा, पीयूसी नको, हायसिक्युरिटी पाटी नको, जुनी काळी पाटीच ठेवा. शिवाय भंगारवाल्याकडून एक जावा मोटरसायकल घेतलीय, १९६९ ची असं तो सांगतो, कागद काहीच नाहीत. तीही व्हिंटेजमध्ये बसवता येईल, असं एजंट म्हणतो. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. वरात अण्णांच्या गाडीतून निघावी असं आईच्या मनात आहे. काय करू?’

नमस्कार. आधी एक काम करा: एजंटाला अजून एक रुपयाही देऊ नका आणि आरसी बुक त्याच्या हातात देऊ नका. हवं तर झेरॉक्स द्या. तुमच्या गाडीची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ते बुक आणि त्यातला जुना नंबर. एजंट जे विकतोय त्यातलं निम्मं तुम्हाला नको आहे आणि उरलेलं तो देऊ शकत नाही.

व्हिंटेजची भानगड नेमकी काय आहे ते आधी बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये ८१-ए पासून पुढचे नियम घातले गेले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी मोटार, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, कारखान्यातून बाहेर पडल्याच्या सालापासून नव्हे. ‘क्लासिक’ नावाचा मधला वर्ग आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे तीस-चाळीस वर्षांच्या गाडीला कुणी क्लासिकची नोंदणी करून देतो म्हणाला तर तिथेच नमस्कार करावा. अर्ज फॉर्म २० वर करायचा, सोबत विमा, जुनं आरसी बुक, आणि गाडी परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अर्ज पूर्ण असेल तर साठ दिवसांत फॉर्म २३-ए मधलं आरसी मिळायला हवं.

आता नंबर. ‘व्हीए’ ही अक्षरं फक्त नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीला मिळतात: राज्याची अक्षरं, मग व्हीए, मग दोन अक्षरांची मालिका, मग ०००१ ते ९९९९ मधला आकडा. भारतात आधीच नोंद असलेली गाडी व्हिंटेज केली तरी तिला तिचा मूळ नंबर ठेवता येतो. तुमच्या गाडीला १९६८ पासून साताऱ्याचा नंबर आहे. मग व्हीए नंबर कशासाठी? तो मिळवायचा तर गाडीची जुनी नोंद नाहीच असं कुठेतरी दाखवावं लागेल. म्हणजे खरं बुक बाजूला ठेवून खोट्या कागदांवर नवी सुरुवात. असला उद्योग पुढे विक्रीच्या वेळी किंवा अपघातानंतर उघडा पडतो आणि तेव्हा अर्जावर सही तुमची असते, एजंटाची नव्हे.

दुसरं, ‘कुठेही फिरवा’ हे तर सरळ उलटं आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मोकळीक. रविवारी आईला घेऊन प्रीतिसंगमावर जाणं त्यात येत नाही. भाचीची वरातही येत नाही. तुम्हाला गाडी चालवायची आहे, हे तुमच्या पत्रात तीन वेळा आलंय. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: साधी खासगी नोंदणी पुन्हा जिवंत करा. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज करायलाच हवी अशी सक्ती कुठेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ खाली गाडी तपासणीत उतरली की पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, मग ती वीस वर्षांची असो की साठ.

पैशाचा हिशेबही बघून घ्या. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीची नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. म्हणजे दहा वर्षांचे २०,०००. व्हिंटेजचेही पहिल्या दहा वर्षांचे तेवढेच. पुढे व्हिंटेज स्वस्त पडतं हे खरं. विम्यातही सवलत आहे: २०२२ च्या थर्ड पार्टी दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला निम्मे, म्हणजे १,७०८, कर वेगळा. वर्षाला सतराशे रुपये वाचवण्यासाठी रस्ता गमवायचा का, एवढाच प्रश्न आहे. ज्यांची गाडी वर्षातून दोनदा रॅलीला निघते त्यांनी जरूर व्हिंटेज करावी. दुचाकीवाल्यांनी मात्र दोनदा विचार करावा, कारण वीस वर्षांवरच्या मोटरसायकलचं साधं नूतनीकरण २,००० रुपयांत होतं.

तुमच्या बाबतीत फीशिवाय दोन खर्च आहेत. एक, उशिराचा आकार: मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,०००. तो कधीपासून लागतो आणि एकूण किती होतो ते परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर अर्ज भरताना पडद्यावर दिसतं. तोच आकडा खरा, एजंटाच्या डायरीतला नव्हे. पावती ऑनलाइन निघते, ती स्वतः काढा. दोन, पर्यावरण कर. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाड्यांना महाराष्ट्रात तो नूतनीकरणाच्या वेळी भरावा लागतो आणि फीपेक्षा वेगळा असतो. अण्णांच्या कपाटात जुन्या टॅक्सच्या पावत्या, टॅक्स बुक, काचेवर लावायची गोल टोकन असतील तर फेकू नका. कर भरल्याची जुनी नोंद कार्यालयात सापडली नाही तर हेच कागद उपयोगी पडतात.

आता कामाचा क्रम. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण प्रत्येक खिडकी दुसरीकडचा कागद आधी मागते. आरटीओला विमा आणि पीयूसी हवं, विमा कंपनीला चालू आरसी हवं, पीयूसी केंद्राच्या संगणकात गाडीच दिसत नाही. ही गाठ एकाच ठिकाणी सुटते: ‘वाहन’मधली नोंद. १९८९ आधीच्या कित्येक गाड्या आरटीओच्या जाड रजिस्टरात आहेत, संगणकात नाहीत. आधी पोर्टलवर नंबर टाकून बघा. दिसला नाही तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे रजिस्टरातली जुनी नोंद संगणकात चढवणं, करून घ्यावी लागेल. कराडला आता एमएच-५० चं कार्यालय आहे, पण तुमच्या बुकावर शिक्का साताऱ्याचा आहे. मूळ रजिस्टर कोणत्या कार्यालयात आहे ते आधी साताऱ्यात विचारा, मगच अर्ज कुठे द्यायचा ते ठरवा. चुकीच्या कार्यालयात दिलेली फाइल महिनाभर पडून राहते आणि मग ‘इथे नाही’ असा शेरा मारून परत येते.

बॅकलॉग एंट्री होताना शेजारी उभे राहा आणि एकेक रकाना बुकाशी ताडून घ्या. पहिल्या नोंदणीची तारीख, मेक, सीसी (१०८९), इंधन, आसनं, रंग, चेसिस नंबर, इंजिन नंबर. दोन चुका फार महागात पडतात. जुन्या बुकात मेकच्या जागी नुसतं ‘फियाट’ लिहिलेलं असतं आणि नव्या कर्मचाऱ्याला ती परदेशी गाडी वाटू शकते. तुमची गाडी मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली आहे. आयात गाडी असा शेरा पडला तर वीस वर्षांवरच्या आयात मोटारीची फी ८०,००० रुपये आहे, दहा हजार नव्हे. दुसरी चूक शून्य आणि ‘ओ’ अक्षराची. ती आत्ता दिसत नाही, पुढे हायसिक्युरिटी पाटीचं बुकिंग करताना दिसते, कारण तिथे चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे-अक्षरं जुळावी लागतात.

म्हणून कार्यालयात जाण्याआधी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घरीच काढा. नंबर ठोकलेल्या जागेवर पन्नास वर्षांचं तेल, धूळ आणि बहुधा रंगाचे दोन-तीन थर असतात. आधी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुसा. रंग असेल तर पेंट रिमूव्हरचा हात फिरवा, पाच मिनिटांनी जुन्या टूथब्रशनं किंवा पितळी तारेच्या ब्रशनं हलकेच घासा. पॉलिश पेपर, ग्राइंडर, छिन्नी यातलं काहीही तिथे लावू नका. नंबरावर घासल्याची ताजी खूण दिसली की निरीक्षक संशय घेणारच, आणि त्याचं चूक नाही. जागा कोरडी झाली की पातळ कागदाची पट्टी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि ४बी पेन्सिलीचं टोक आडवं धरून एकाच दिशेनं फिरवा. आकडे काळ्यात पांढरे उमटतात. तीन प्रती काढा, प्रत्येकीवर तारीख टाका, आणि तीच जागा मोबाइलनं तिरक्या उजेडात टिपून ठेवा. समोरून फ्लॅश मारला तर आकडे सपाट दिसतात. नंतर त्या उघड्या पत्र्यावर ग्रीसचं बोट फिरवा, नाहीतर पावसाळ्यात गंज नंबर खाईल.

इंजिन नंबरचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. बुकात जुना नंबर, गाडीत पद्मिनीचा. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची, असं कायद्याचं कलम ५२ सांगतं. त्या काळी कुणी केलं नाही, तुमच्याकडेही राहिलं. याला दोन वाटा आहेत.

पहिली, आत्ताचं इंजिन आहे तसं ठेवून त्याची नोंद करून घेणं. त्यासाठी ते कुठून आलं याचा कागद लागेल: खरेदीची पावती, गॅरेजचं बिल, किंवा ज्या पद्मिनीतून काढलं तिच्या आरसीची प्रत. तीस वर्षांपूर्वीचं बिल सापडणं कठीण, तरी अण्णांच्या फायली नीट बघा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम होईल असं कुणी सांगितलं तर ते आधी कार्यालयातूनच लेखी विचारून घ्या.

दुसरी वाट आम्हाला जास्त पटते: बुकातला नंबर असलेला जुना ब्लॉक पुन्हा गाडीत बसवणं. तो भंगारात गेला नाही हे तुमचं भाग्य. फियाट ११०० आणि पद्मिनी दोन्हींचं इंजिन १०८९ सीसीचं, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, त्यामुळे आताच्या इंजिनातले कितीतरी भाग जुन्या ब्लॉकवर चढतील. ब्लॉक कराड किंवा कोल्हापूरच्या चांगल्या इंजिन बोअरिंगवाल्याकडे न्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही कामं रोज होतात. त्याला तीन गोष्टी तपासायला सांगा: पाण्याच्या जॅकेटला तडा आहे का, वरचा पृष्ठभाग सपाट आहे का, आणि बोअर किती झिजलेत. झीज थोडी असेल तर ओव्हरसाइज पिस्टन, जास्त असेल तर लायनर ठोकून पुन्हा ६८ वर. तडा फक्त बाहेरच्या भिंतीला असेल तर तो शिवता येतो. दोन सिलिंडरच्या मधे असेल तर तो नाद सोडा. वरचा किंवा बाजूचा पृष्ठभाग घासायला घेताना ब्लॉकवरचा नंबर जराही खरवडला जाणार नाही, हे त्याला दोनदा सांगा आणि नंबरावर जाड टेप चिकटवूनच ब्लॉक द्या. खर्च होईल, पण बुक आणि गाडी पुन्हा एक होतील. उद्या मुलाला वाटलं की गाडी व्हिंटेज करावी, तर ‘मूळ रूपात’ या अटीत ती निर्विवाद बसेल. पद्मिनीच्या इंजिनासह बसेल का, हा वाद घालत बसावं लागणार नाही.

नाव बदलणं याच्याशी जोडून करा. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर अर्ज करायचा, असा नियम आहे. मुदत गेली म्हणून वारसाचा हक्क जात नाही, उशिराचा भुर्दंड पडतो इतकंच. मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, तुमचे ओळखीचे आणि पत्त्याचे कागद, वारस असल्याचा पुरावा, आणि आई व बहिणीची गाडी तुमच्या नावावर करायला हरकत नाही अशी प्रतिज्ञापत्रं. फॉर्म २९ आणि ३० वर अण्णांची सही आहे असं दाखवून ‘विक्री’ करून टाकू, असा सल्ला एजंट देतील, कारण त्यांना ते सोपं जातं. गेलेल्या माणसाची सही वापरणं म्हणजे बनावट कागद. त्या वाटेला जाऊ नका. नावबदल आणि नूतनीकरण (फॉर्म २५) हे दोन्ही अर्ज एकाच फाइलीत घेतात का ते खिडकीवर विचारा. घेत असतील तर गाडी एकदाच न्यावी लागते.

विम्यासाठी कंपनीच्या शाखेत प्रत्यक्ष जा. जुन्या गाडीचं मॉडेल ऑनलाइन यादीत नसलं की पुढचं पान उघडतच नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दाखवून थर्ड पार्टी पॉलिसी घ्या. एक सावधगिरी: विम्याच्या जुन्या दरपत्रकात ‘व्हिंटेज’ म्हणजे १९४० पर्यंत बनलेली मोटार, आणि तिला प्रमाणपत्र लागतं मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं. २०२१ च्या नियमातला व्हिंटेज वेगळा. एजंट या दोन्हींची खिचडी करून सवलतीची आशा दाखवतात. तुमच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यायचा असेल तर ‘ठरलेली किंमत’ लिहून मिळते का ते विचारा, नाहीतर घसारा लावून गाडीची किंमत नगण्य धरतील.

तपासणीला गाडी उभी करण्याआधी ब्रेकवर खर्च करा, रंगावर नको. दहा वर्षं उभी असलेल्या फियाटचे चारही चाकांचे व्हील सिलिंडर आतून गंजून जाम झालेले असतात आणि रबरी होज आतून फुगून बंद. पेडल घट्ट लागतं, त्यामुळे ब्रेक चांगले आहेत असं वाटतं. खरं तर तेल पुढे जातच नसतं. मास्टर सिलिंडरचं किट, चारही व्हील सिलिंडर, सगळे होज बदला, सगळं जुनं तेल काढून नवं डॉट-३ भरा. हँडब्रेकची केबल सुटी करून तेल द्या. टायर ५.२०-१४ मापाचे, नक्षी शिल्लक दिसली तरी बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर बदला. ब्रेकचा आणि मागचा दिवा, हॉर्न, वायपर, हेडलाइटचा उंच-खाली झोत, हे सगळं चालू हवं. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, ते डिंकासारखं झालेलं असतं आणि कार्ब्युरेटरचे जेट बुजवतं. सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा नवा घाला. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर लवकर विरघळतं आणि इंजिनाखाली पेट्रोल गळताना दिसलं की गाडी तिथेच नापास.

पीयूसी लागतंच, ‘नको’ हे एजंटाचं म्हणणं सोडून द्या. जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि नीट लावलेली फियाट तिच्यात आरामात बसते. नापास होते ती बहुधा तीन कारणांनी: चोक पूर्ण उघडलेला नसतो, एअर फिल्टर तुंबलेला असतो, किंवा इंजिन थंड असतानाच नळी लावतात. वीस मिनिटं इंजिन चालवून तापवा, मग आयडलचा मिक्श्चर स्क्रू एका वेळी पाव फेरा आत घ्या आणि इंजिन अडखळायच्या जरा आधी थांबा.

आणि हो, तपासणीला गाडी चालवत नेऊ नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर कलम १९२ खाली पहिल्यांदा २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, विमा नसल्याचा वेगळा. टोचन करूनही नको, कारण तीही रस्त्यावरच असते. सपाट बॉडीच्या टेम्पोत चढवून न्या.

आरसी चालू झालं की पाटीचं काम. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात हायसिक्युरिटी पाटी सक्तीची आहे, तुमची जुन्या नंबराची फियाटही त्यात आली. राज्याचे तीन विभाग करून प्रत्येकाला वेगळा पुरवठादार दिलाय, म्हणून परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आपलं आरटीओ निवडूनच पुढे जा, गुगलवर दिसेल त्या दुव्यावर पैसे भरू नका. चारचाकीला ७४५ रुपये, दुचाकीला ४५०, वर जीएसटी. मोटारीच्या पाटीची मापं दोन: ५०० बाय १२० मिमी आणि ३४० बाय २०० मिमी. बुकिंगआधी पुढची आणि मागची जागा टेपनं मोजा. मागची पाटी न निघणाऱ्या स्नॅप लॉकनं बसते, तेव्हा बसवणारा डिकीच्या पत्र्याला नवी भोकं पाडायला निघेल. त्याआधीच जुन्या भोकांवर बसणारी दोन मिमी जाडीची पट्टी स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घ्या, खाली रबरी वॉशर द्या, आणि पाटी त्या पट्टीवर बसवा. मॉडेल यादीत नसेल तर जवळचं दुसरं मॉडेल ठोकून देऊ नका, तक्रार नोंदवून उत्तर घ्या.

अण्णांची काळी पाटी, पांढऱ्या अक्षरांची, तिच्यावर तुमचा जीव आहे हे समजतं. २००१ च्या सुमारापर्यंत खासगी गाड्यांना तीच पाटी असायची आणि भाड्याच्या गाड्यांना पांढरी. आज खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, इंग्रजी लिपीत, हाच नियम आहे. मराठी आकड्यांची पाटीही चालत नाही, कितीही वाटलं तरी. काळी पाटी रस्त्यावर लावू नका. ती काढून, मागून गंजरोधक लावून, जुन्या सुती कापडात गुंडाळून बुकासोबत ठेवा. गाडी मूळची आहे हे दाखवणारा तोही एक पुरावाच आहे.

जावाचं सांगायचं तर मन घट्ट करा. व्हिंटेजच्या नियमात भारतात नोंदलेल्या गाडीला जुनं आरसी हवं, बाहेरून आणलेलीला बिल ऑफ एंट्री. तुमच्या जावाकडे दोन्ही नाहीत. नियम जुन्या गाड्यांसाठी आहे, बेवारस गाड्यांसाठी नाही. दुय्यम आरसी (फॉर्म २६) फक्त नोंदलेल्या मालकाला मिळतं, विकत घेणाऱ्याला नाही. म्हणून शोध मालकाचा घ्यायचा. भंगारवाल्यानं ती कुणाकडून घेतली ते लेखी घ्या, जुन्या मडगार्डवर रंगाच्या थराखाली नंबर दिसतो का बघा, नंबर मिळाला तर त्या आरटीओकडे मालकाची माहिती मागा आणि गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना हे पोलिसांकडून तपासून घ्या. मालक किंवा त्याचे वारस भेटले आणि सही द्यायला तयार झाले तर गाडी सरळ मार्गानं तुमची होईल.

एजंट दुसरा उपाय सुचवेल: भंगारात गेलेल्या दुसऱ्या जावाचं आरसी विकत घ्यायचं आणि तो नंबर या फ्रेमवर ठोकायचा. हा गुन्हा आहे. तो ओळखताही येतो: हँडलच्या मानेवरचे आकडे एका ओळीत नसतात, खोली कमी-जास्त असते, आजूबाजूचा पत्रा घासून पातळ झालेला असतो. तुमच्याच जावाची मान आधी नीट बघा, हे काम तिच्यावर कुणी करून ठेवलेलं नाही ना. तसं असेल तर गाडी परत करा आणि पैसे परत घ्या. मालक सापडेपर्यंत तिच्यावर क्रोम आणि रंगाचा खर्च करू नका.

डिसेंबरच्या लग्नाचं. बॅकलॉग, इंजिन, नावबदल, रीपासिंग, हे सगळं तेवढ्या मुदतीत होईल असं धरून चालू नका. झालं तर भाची अण्णांच्या गाडीतून जाईल, खासगी नोंदणीत त्याला कुठलीच आडकाठी नाही. नाही झालं तर वरात दुसऱ्या गाडीतून काढा. अण्णांची फियाट टेम्पोतून आदल्या दिवशी मंगल कार्यालयाच्या आवारात आणून दारात उभी करा, फुलांनी सजवा, आणि त्या दिवसापुरती तिला काळी पाटी लावा. आवारात उभ्या असलेल्या गाडीला कुणाची हरकत नाही. आईला म्हणावं, मुलीला निरोप देण्याआधी दोघींनी मागच्या सीटवर बसून फोटो काढून घ्या.